मंदीत घर चालवायचं तर: आमच्या चार मागांचा आणि एका वाकळेचा हिशेब

आमचं घर इचलकरंजीत. आठ साधे माग होते, खर्चीचे. खर्ची म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आमची फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मोजून पैशांत. नोटाबंदीपासून धंद्याला जी घरघर लागली ती थांबलीच नाही. २०१७ ला जीएसटी आला, २०१९ ला पंचगंगेचा पूर आला. त्या वर्षी दिवाळीनंतर चार माग आम्ही भंगारात दिले. भंगारवाल्याने काट्यावर टाकून किलोवर नेले. मालक, म्हणजे आमचे हे, त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या मार्चात लॉकडाऊन लागला आणि उरलेले चारही बंद पडले.

महिन्याला २६ हजारांच्या आसपास यायचे ते ११ वर आले. घरात पाच माणसं. तेव्हा काय केलं, काय चुकलं ते इथं सांगते. आमच्यासारखं कुणी अडकलं असेल तर त्यातलं जमेल ते घ्यावं.

आधी वही, मग काटकसर

काटकसर करू म्हणून लगेच दूध अर्धा लिटर कमी करू नका. मी तेच केलं होतं. पोरगी चिडली, आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, चहा गेला आणि वाचले महिन्याला जेमतेम सातशे. आधी एक महिना नुसतं लिहायचं. आमच्याकडं वही नव्हती, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं. दुधाची खूण जिथं करतो तिथंच, शेजारी. दहा रुपये गेले तरी लिहायचे. कुणाला रागवायचं नाही, कारण रागावलं की माणसं खोटं सांगतात.

महिन्याअखेरीला बेरीज केली तर १,१४० रुपये पुड्यांत गेलेले. चहाची पुडी, तेलाची पिशवी, साबणाची वडी, सगळं रोज संध्याकाळी कोपऱ्यावरनं. हातात पैसा रोज थोडा येत होता म्हणून माल पण रोज थोडा आणत होतो आणि दर किलोमागं जास्त मोजत होतो. ज्याच्याकडं पैसा कमी त्यालाच माल महाग पडतो, हे तेव्हा कळलं. मग ठरवलं, मजुरी आली की पहिल्याच दिवशी तेल, चहा, साबण महिन्याचं एकदम. त्यानंतर दुकानाच्या वाटेनं जायचंच नाही.

दुसरं, मोबाइलची तीन रिचार्ज. त्यातलं एक आत्तींचं. त्या फक्त फोन उचलतात, लावत नाहीत. ते साध्या प्लॅनवर टाकलं.

रेशनकार्डाकडंही बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य असतं, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आमच्या कार्डावर पोरीचं नाव चढवायचं राहिलं होतं, म्हणजे महिन्याला ५ किलो आम्हीच सोडत होतो. नाव चढवायला चार हेलपाटे झाले. कंटाळू नका. ५ किलोला १२ महिने म्हणजे ६० किलो.

कर्ज: कुठलं आधी फेडायचं

माग विकून जे पैसे आले ते घरात ठेवायचे की कर्ज फेडायचं, यावरनं आमच्यात मोठं वाजलं. मालकांचं म्हणणं, हातात असू देत. मी कागदावर मांडून दाखवलं. हातउसन्या सावकाराचे ५० हजार, शेकडा ३ नं. म्हणजे महिन्याला दीड हजार नुसतं व्याज, वर्षाला १८ हजार. बायकांच्या गटातनं उचललेले ३० हजार, मायक्रोफायनान्सचे, दर आठवड्याला हप्ता. ते वर्षाला २४-२५ टक्क्यांनी पडतं. आणि बँकेतलं सोनेतारण, महिन्याला टक्क्याच्या आसपास.

ज्याचं व्याज जास्त ते आधी. गणित एवढंच आहे, पण माणूस करतो उलटं. जो दारात येऊन मोठ्यानं बोलतो त्याला आधी देतो. आमच्याकडं गटाची वसुलीवाली दर मंगळवारी दारात बसायची म्हणून मी तिचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातनं उचलणार होते. आत्तींनी अडवलं. "एक खड्डा बुजवाया दुसरा खणतीस व्हय गं?" म्हणाल्या. हप्ता भरायला कर्ज काढायची वेळ आली की तिथंच थांबा. त्यापेक्षा बांगड्या बँकेत ठेवा. बँकेत सोनं सुरक्षित राहतं आणि व्याज सावकाराच्या तिसऱ्या हिश्शात येतं. सावकाराकडं मात्र दागिना ठेवू नका. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि परवाना असणाऱ्यालाही शेकडा ३ लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं करायची असते. आम्ही केली नाही, गल्लीतलाच माणूस होता. पण कायदा असा आहे हे त्याला सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांचं व्याज त्याने आपणहून सोडलं.

गॅस: वाकळेत भात

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण याला एक रुपया लागत नाही.

१४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडं २८ दिवस जायचा. आता ३६-३७ दिवस जातो. भात शिजायला आच थोडाच वेळ लागते, बाकी वेळ नुसती ऊब लागते. ती ऊब धरून ठेवली की झालं. पत्र्याची किंवा लाकडाची पेटी घ्या, नसली तर मोठा पुठ्ठ्याचा खोका. तळाला जुनी वाकळ, तुमच्याकडं गोधडी म्हणत असतील, ती दुमडून घाला. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, घट्ट झाकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यात पाण्यासकट चढवा, खळखळून उकळी आली की पाच मिनिटं तशीच ठेवा. मग झाकण न उघडता पातेलं पेटीत आणि वरनं वाकळेचे दुसरे पदर. चारी बाजूंनी चेपून बसवायचं, हवा जाता कामा नये. पाऊण तासानं काढा. भात मोकळा होतो, बुडाला लागत नाही.

पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, कारण वाफ कुठं जात नाही. पहिल्यांदा आमचा भात गिच्च झाला होता. तूरडाळ अशीच होते, पण ती तासभर भिजवून कुकरच्या दोन शिट्ट्या काढायच्या आणि कुकर तसाच वाकळेत. मटकी, चवळी होते. राजमा मात्र या भानगडीत घालू नका, त्याला पूर्ण शिजवणंच लागतं, अर्धा कच्चा बाधतो. वाकळ सुतीच पाहिजे. टेरिकॉट, नायलॉन गरम बुडाला चिकटतं. आणि शिजलेलं दोन-अडीच तासांच्या आत खायचं. कोमट होऊन दिवसभर पडलं तर नासतं.

वीज आणि पाणी

विजेचं थोडक्यात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या वर गेलात की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर दुपटीच्या आसपास जातो. म्हणून सगळी धडपड ती शंभरची रेघ ओलांडायची नाही यासाठी. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. सगळे पंखे बदलू नका. जो रात्रंदिवस फिरतो तेवढा एकच बदला. आमच्याकडं आत्तींच्या खोलीतला.

इचलकरंजीत नळाला पाणी रोज येत नाही, कधी चौथ्या दिवशी तर कधी पाचव्या. त्यामुळं पाणी वाचवा म्हणून आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तांदळाचं धुवण झाडाला, कपड्याचं शेवटचं पाणी फरशीला, हे आधीपासनंच आहे. गच्चीवर सिमेंटच्या धुतलेल्या पोत्यांत मेथी लावली. दुकानातली मेथीदाण्याचीच पुडी, भिजवून पेरायची, २५-३० दिवसांत पेंढी. मोरीच्या पाण्यावर अळू. कढीपत्ता एकच, पण गल्ली नेते.

एक सांगायचं राहिलं. सायझिंगची (सुताला खळ देतात तिथली) किंवा प्रोसेसची (कापड रंगवतात तिथली) रिकामी पिंपं स्वस्तात मिळतात, त्यात भाजी लावू नका. कितीही धुतलं तरी आत कुठलं केमिकल होतं ते सांगता येत नाही.

वाकळ

भांडवल नाही, दुकान नाही, शिक्षण दहावी. मग काय करायचं? मी आधी चुकीच्या दाराला गेले. मशीन घ्या, माल आम्ही उचलतो, असं सांगणाऱ्या एकाला अगरबत्तीच्या मशीनसाठी पाच हजार अनामत दिली. मशीन आलं नाही, फोन बंद. तुम्हाला काम देणारा तुमच्याकडनंच पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. घरबसल्या पेन भरायचं काम, त्यासाठी नोंदणी फी, हा पण त्यातलाच प्रकार.

आमच्या घरात दोन गोष्टी होत्या. आत्तींचा हात आणि कांड्यांवरचं, म्हणजे मागावर सूत गुंडाळायच्या नळ्यांवरचं, उरलेलं सूत. आत्ती शाहूवाडीकडच्या, पोरवयापासनं वाकळा शिवतात. मागावरच्या कांडीला शेवटचं थोडं सूत राहतं, ते एरवी चिंधीत जातं. एकेरी सूत कच्चं असतं, म्हणून सहा पदर एकत्र करून पीळ घालायचा आणि मेणबत्तीवरनं ओढून घ्यायचं. असा दोरा तुटत नाही, गाठी बसत नाहीत.

वाकळेचं माप चार बाय साडेसहा फूट. साडीचा पन्हा चार फुटाला जरा कमी, तो तसाच ठेवायचा. पाचवारी साडी १८ फूट, म्हणजे साडेसहाच्या पावणेतीन घड्या. दोन साड्यांत पाच थर, वरनं तिसरी साडी दिसायला. नऊवारी लुगडं असेल तर एकातच चार थर. साड्या सुती हव्यात. दोन मुठीत धरून खसकन ओढा. टिकली तर वर किंवा खाली, फाटली तर मधल्या थरात. कात्रीनं कापू नका, टोकाला जरा चीर देऊन फाडा, म्हणजे सूत सरळ राहतं.

फरशी पुसून कोरडी झाली की थर अंथरायचे. चारी कोपऱ्यांवर वजन, आमच्याकडं वरवंटा आणि मागाचे तीन जुने लोखंडी तुकडे आहेत. हातानं मधनं कडेकडं सुरकुत्या काढायच्या. मग वीतभर अंतरावर कच्चे लांब टाके, ते नंतर उसवायचे. हे टाळायचं नाही. कडा बोटभर आत दुमडून धावदोरा घालायला सुरुवात, आणि मग कडेनं फिरत फिरत आत, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. आत्ती अशा फिरत मध्यावर येतात आणि शेवटचा हातभर चौकोन मिटायच्या आधी आत चार दाणे तांदळाचे टाकतात. वाकळ रिकामी देऊ नये म्हणतात.

माझ्या हातनं असं फिरवलं की मध्ये फुगा येतो. वर्षभर येत होता. शेवटी मी फिरायचं सोडलं. मधोमध एक उभी ओळ घालते आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरळ ओळी काढत कडेला जाते, काठ शेवटी. आत्तींना ते पटत नाही. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. नवीन शिकणाऱ्यानं माझ्यासारखं करावं.

किंमत कशी लावायची

पहिली वाकळ मी ६०० ला विकली आणि खूश झाले. पोरीनं विचारलं, किती तास लागले? कॅलेंडरवर लिहिलेलंच होतं: ५८ तास. सुई, मेण, अस्तर असा खर्च ११० रुपये. राहिले ४९०. तासाला साडेआठ रुपयेही पडले नाहीत. त्यापेक्षा खुरपायला गेले असते तर दिवसाचे ३०० सुटले असते.

तेव्हापासनं तासाला ४० रुपये धरूनच भाव सांगते. हातशिलाईची मोठी वाकळ २,४०० रुपये. ऐकून निम्मी माणसं परत जातात, जाऊ देत. त्यांच्यासाठी मशीनवरची आहे. घरगुती शिलाई मशीन चार थरांच्या वर ओढत नाही, १८ नंबरची सुई लावायची आणि टाका मोठा ठेवायचा. पाच-सहा तासांत होते. सगळ्यात जास्त खपतं ते बाळाचं दुपटं, तीन बाय तीन. २० तास, ८०० रुपये. सातव्या महिन्यात ऑर्डर येते, म्हणजे दोन महिने हातात.

आणि एक गोष्ट ठरवून झाली नाही, आपोआप झाली. पुण्याची एक ताई आली, आई वारलेली, तिच्या तीन साड्या घेऊन. "याचीच शिवून द्या." म्हणजे कापड गिऱ्हाइकाचं, आमची मजुरी. अहो, हीच तर खर्ची! तीस वर्षं आमच्या घरात तोच धंदा. फरक एवढाच की मागावरच्या मजुरीचा भाव समोरचा ठरवायचा, हा आम्ही ठरवतो. आता दहातल्या सात ऑर्डरी अशाच. माल भरायला लागत नाही, पडून राहत नाही.

पण दुसऱ्याच्या आईची साडी हातात घेताना नियम पाळा. साडी आली की तिच्यासमोर फोटो काढा, कुठं फाटलंय, कुठं डाग आहे ते दाखवा. चिठ्ठीवर लिहून साडीलाच टाचणीनं लावा. फाडायच्या आधी अंथरून फोटो पाठवा आणि "हो, फाडा" असं उत्तर आल्याशिवाय हात लावू नका. त्या पुण्याच्या ताईनं रात्री साडेअकराला लिहिलं होतं, निळी राहू द्या, दोनचीच करा. फाडली असती तर काय केलं असतं मी?

रंगाचं पण बघा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ चोळा. एका इरकलीचा लाल काठ मी न बघता पांढऱ्या अस्तरावर घेतला. पहिल्याच धुण्याला गुलाबी ढग उठले. पैसे परत दिले, अस्तर बदलून दिलं, वर चार दिवस फुकट गेले.

अर्धे पैसे आधी घ्यायचे. ओळखीतल्याकडनं तर आधीच घ्यायचे.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. माझ्याकडनं एकानं त्याचे ८०० घेतले, तुम्ही देऊ नका. तयार कपडे शिवायचं काम हातात असेल तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांची सरकारी योजना बघा. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, पुढं ५ टक्क्यांनी पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच मिळते. शेजारणीला मशीन त्यातनं मिळालं. कर्ज मात्र तिनं घेतलं नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. ऑर्डरी हातात नसताना कर्ज काढून काय करणार?

मालकांचं विचाराल तर ते जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. हाताला मशीन कळतं. उरलेले चार माग आता परत चालू आहेत, पण त्यावर घर चालत नाही. संध्याकाळी ते शिलाई मशीन, मिक्सर, पंखे दुरुस्त करतात. पाटी लावली नाही. माझ्याकडं वाकळ न्यायला येणाऱ्या बायकाच घरात बंद पडलेलं काय काय घेऊन येतात.

जून ते सप्टेंबर मी धुऊन द्यायची ऑर्डर घेत नाही. पाच थर आतनं वाळत नाहीत आणि एकदा वास धरला की जात नाही. त्या दिवसांत आम्ही सुताला पीळ घालतो, गिऱ्हाइकांच्या साड्या कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून पेटीत ठेवतो, आणि ज्यांना थंडीआधी पाहिजे त्यांना नवरात्राच्या आत साड्या आणून द्यायला सांगतो. दिवाळीनंतर आलेल्याला फेब्रुवारी सांगायचा. खरं सांगितलं की माणसं थांबतात. त्यातनं कुणी घाई केलीच तर दुपटं घ्या म्हणते, ते वीस तासांत होतं.